दिसते तेवढंच सांगतो

आमच्या अंगणात आजही सरळ चालता येत नाही. तुळशीजवळ एक खड्डा, दाराच्या नाकासमोर दोन, आणि न्हाणीच्या वाटेवर एक असा, की नवा पाहुणा त्यात पाय घातल्याशिवाय राहत नाही. 'अरे बाप्पा!' असा आवाज आला की मी चुलीपाशी बसूनच ओळखते, कोणीतरी पहिल्यांदा आलंय. आमचे हे दर दिवाळीला म्हणतात, एक ट्रॉली मुरूम टाकू, अंगण सपाट करू. मी म्हणते, हात तर लावून पाहा. ते खड्डे आमच्या पेटीवाल्या साहेबांचे आहेत.

साहेब आमचे भाडेकरू होते. आमचं गाव दुसरबीडच्या अंगालाच. फाट्यावर माझं भाजीचं दुकान, आणि शेत मागं टेकडीच्या पायथ्याशी. त्या टेकडीखालून धरणाचं पाणी आमच्याकडच्या कोरड्या गावांना आणायचं म्हणून बोगद्याचं काम निघालं. आगगाडीएवढं लांब एक यंत्र आलं. त्याच्या तोंडाशी भली मोठी गोल चकती. ती फिरत फिरत खडक खाते आणि चुरा मागं सोडते. पण एवढ्या मोठ्या धुडाला डोळा मात्र एक नाही. पुढं पाणी आहे, पोकळी आहे, का भुसभुशीत लाल मातीचा थर आहे, त्याला काही कळत नाही. ते आधी पाहून सांगायचं काम साहेबांचं. त्यांच्याकडं एक लाल पेटी होती. ती खडकाला टेकवून सरकवायची, तिच्यातून लहरी आत जातात, कशाला तरी आपटून परत येतात, आणि पडद्यावर रेघा उमटतात. विमानं शोधतात तेच हे रडार, फक्त जमिनीच्या पोटातलं शोधणारं. आता मी हे असं धडाधड सांगते, पण तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस पेटी वाजवणारा असेल, भजनाला उपयोगी पडेल.

खोली पाहायला आले तो दिवस मी विसरणार नाही. माणूस पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, उंच, आणि पँटीला पट्ट्याच्या जागी चक्क पायजम्याचा नाडा. आल्या आल्या खोलीतल्या भिंतींवर बोटाच्या सांध्यानं टकटक करत फिरायला लागले. खिडकी पाहिली नाही, पंखा पाहिला नाही, नळाची चौकशी नाही. एका जागी थांबले, पुन्हा वाजवलं, आणि म्हणाले, "वैनी, ही भिंत इथं पोकळ दिसते."

घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. मला रागच आला. म्हटलं, "तुम्हाले खोली पाह्यजे का भिंत पाह्यजे? आमच्या घरात काही पोकळ नाही."

"दिसते म्हणलं, वैनी. आहे म्हणलं नाई," असं म्हणून ते बाहेर अंगणात गेले, खाली वाकून मूठभर मुरूम उचलला, बोटांनी चोळला आणि खोली घेतली. पुढं त्यांच्या दिव्यासाठी वायरमननं त्याच भिंतीत भोक पाडलं, तर छिन्नी मुठीसकट आत गेली. जुना कोनाडा होता, कधीतरी वरून लिंपून टाकलेला. आत एक पणती सापडली. साहेबांनी 'पाहा, मी म्हणलं होतं' असा चेहरासुद्धा केला नाही. पणती पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता आहे म्हणायले हरकत नाई."

हे दिसणं आणि असणं त्यांनी कायम वेगळं ठेवलं. जेवायला वाढलं आणि विचारलं, भाकर शेकली का हो नीट, तर म्हणणार, "शेकल्यासारखी दिसते," मग मोडून पाहणार, मग मान हलवणार. माझ्या बहिणीच्या पोरीला पाहायला स्थळ आलं. साहेब शिकलेले, म्हणून त्यांनाही बैठकीत बसवलं. पाहुणे गेल्यावर बहिणीनं मोठ्या आशेनं विचारलं, "साहेब, कसा वाटला पोरगा?" साहेबांनी खूप विचार केला. "वरून चांगला दिसते. आत किती खोल आहे थे माझ्या पेटीत येत नाई." बहीण आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. असले भाडेकरू कुठून आणले म्हणे!

ते 'थे' त्यांचं खास. ते जळगाव जामोदकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. आमची बोली जालन्याकडं झुकलेली, त्यांची पक्की वऱ्हाडी. माझी नणंद पुण्याला असते, तिला आम्ही सगळे सारखेच अडाणी. ती आली की साहेब मुद्दाम आणखी ताणून बोलायचे. "काऊन वैनी, आज पाहुण्या कायले रुसून राह्यल्या?" आणि मी पदर तोंडाला लावून आत पळायची.

त्या लाल पेटीचे लाड विचारू नका. बायकोच्या जुन्या लुगड्याची वाकळ शिवून घेतली होती, त्यात ती गुंडाळलेली, खडकावर सरकवतानासुद्धा. जीपमध्ये पेटी पुढच्या सीटवर, तिला पट्टा बांधलेला, आणि साहेब मागं. बायको शिक्षिका होती, जळगाव जामोदलाच. तिनं मला फोनवर सांगितलं होतं, "माझ्यापेक्षा तिची जास्त काळजी घेतात, तुम्ही मनावर घेऊ नका." पेटीजवळ लोखंड नको म्हणून यंत्राच्या तोंडाशी जाताना साहेब घड्याळ, चाव्या, मोबाइल सगळं बाहेर ठेवायचे. त्या हट्टातूनच पट्टा गेला आणि नाडा आला. साध्या पट्ट्याच्या बक्कलनं काही बिघडत नाही, असं त्यांच्याच हाताखालचे लोक म्हणायचे. साहेब म्हणायचे, "न का बिघडेना. नाड्यानंही पँट राह्यतेच."

आणि अंगण! पहिल्याच रविवारी कुदळ घेऊन उभे. म्हटलं, झाड लावतात की काय. तर त्यांनी एक खड्डा केला आणि त्यात माझा स्टीलचा डबा पुरला. दुसऱ्यात टरबूज. तिसऱ्यात प्लॅस्टिकची कॅन, अर्धी पाण्यानं भरलेली. वरून माती चोपली आणि पेटी सरकवत अंगणभर फिरायला लागले. शेजारच्या बाया भिंतीवरून पाहतायत, आणि मी लाजेनं अर्धी. पण पडद्यावर काय दिसलं ते पाहिल्यावर मीही भिंतीपलीकडच्या बायांना हाका मारल्या. प्रत्येक वस्तूच्या जागी एक कमान उमटलेली, पालथ्या कोयरीसारखी. डब्याची ठळक, टरबुजाची फिकट, पाण्याच्या कॅनची आणखी वेगळी. कळलं ते असं, की जमिनीतलं काय कसं दिसतं हे डोळ्यांत बसवायला ते दर रविवारी नवं काहीतरी पुरायचे. आमची खोली घेतली ती खोलीसाठी नव्हेच. अंगणात कोरडा मुरूम आहे म्हणून! काळ्या मातीत पेटी आंधळी होते. काळी माती लहरी गिळून टाकते, परतच येऊ देत नाही. मुरूम आणि खडक तेवढे बोलतात.

या खड्ड्यांवर सगळ्यात जास्त चिडायचे माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. "जमिनीले असं रोज टोचू नाही, साहेब. तिलेबी दुखते," असं ओट्यावर बसून सांगायचे. साहेब कुदळ ठेवून त्यांच्याशेजारी बसायचे, तंबाखूची चिमूट मागायचे, आणि म्हणायचे, "दुखते आबा. म्हणून तर आधी पाहून घेतो, मंग टोचतो." दोघांचं असं रोज चालायचं. भांडणही तेवढंच आणि तंबाखूही तेवढीच.

आबांचाही एक हट्ट होता. शेतात टेकडीच्या बाजूला एक वाफा, त्यात फक्त मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, नणंदेला हे दर खेपेला सांगावं लागतं. त्या वाफ्यात बैल घालायचा नाही, ट्रॅक्टर तर बापजन्मात नाही. हातानं खुरपायचं, हातानं पेरायचं. आमच्या यांनी एकदा रोटाव्हेटर वळवला तर आबा आडवे झोपले. म्हाताऱ्याची लहर म्हणून आम्ही सोडून दिलं. भाजी मात्र तिथली अशी कोवळी, की फाट्यावर लोक नाव घेऊन मागायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी त्याच वाफ्यात बसून मी जुड्या बांधत आले.

बोगद्याच्या कामावरच्या माणसांची साहेबांवर मोठी माया होती, आणि त्या मायेनंच एकदा घोटाळा झाला. यंत्र थांबवून, चकतीतल्या छोट्या दारातून साहेब स्वतः पुढं सरपटत जायचे आणि खडकाच्या तोंडावर पेटी फिरवायचे. एका दिवशी पडद्यावर आडवी सरळ रेघ आली, भिंत असावी तशी, तिच्यामागं आणखी एक, आणखी एक. साहेबांनी यंत्र चालू करू दिलं नाही. पुढं लांब भोक पाडून पाहिलं, तर सगळा निखळ खडक. काम ठप्प झालेलं, मोठे साहेब, म्हणजे त्या बोगद्याचे मुख्य इंजिनिअर, लाल झालेले. शेवटी पेटीवाल्या साहेबांनी वाकळ उसवून पाहिली, तर आत पेटीच्या बुडाला काळ्या घोड्याची नाल! कामावरच्या पोरांनीच टाचली होती. साहेब रोज सगळ्यांच्या आधी त्या अंधाऱ्या तोंडात शिरतात, त्यांना नजर लागू नये, काही वाईट होऊ नये, म्हणून. आता बोला! ज्या माणसानं लोखंड नको म्हणून पट्टा सोडला, त्याच्या पेटीखाली लोकांनी प्रेमानं लोखंड बांधलं.

दुसरा कोणी असता तर नावं विचारली असती. साहेबांनी विचारली नाहीत. मोठ्या साहेबांसमोर म्हणाले, "पेटी उघडून पाहायचं काम माझं होतं. चुकलो." आणि ती नाल फेकलीही नाही. यंत्राच्या पार शेपटीला, पेटीपासून लांब, स्वतःच्या हातानं टांगली. मोठे साहेब मात्र सगळ्यांदेखत बोलले, "पुन्हा एकदा असं रिकामं थांबवलंत, तर ही पेटी आणि तुम्ही दोघं घरी." घरी येऊन साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी त्या मोठ्या साहेबाला चांगल्या चार शिव्या हासडल्या. साहेब म्हणाले, "नाई वैनी, त्याचं बरोबर आहे. थो मागं उभा राहून काम रेटते, मी पुढं उभा राहून अडवतो. दोघंही पाह्यजेत."

पुढं उभं राहायचं वेड कुठून आलं, हे त्यांनी मला मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. बाप विहिरी खोदायचा. गावोगाव, जिथं काम मिळेल तिथं. एका विहिरीत खाली सुरुंगाची एक नळी उडायची राहून गेली होती, कोणाला दिसली नाही. बापानं पहार मारली. डोळा गेला, दोन बोटं गेली. "त्याच्यानंतरही थो खोदतच राह्यला, एका डोळ्यानं. माझ्या बापानं जन्मभर आंधळ्यासारखं खोदलं, वैनी. दुसऱ्या कोणाच्या बापानं तसं खोदू नये एवढंच मले पाह्यजे." मी मेथी निवडणं थांबवलं. त्यांनी नाही थांबवलं.

आणि मग तो दिवस. भर दुपार, साहेब कधी त्या वेळी घरी यायचे नाहीत. जीप आली, पेटी घेऊन उतरले, पाणीसुद्धा मागितलं नाही. ओट्यावर बसले, आणि पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. मी ताक आणलं तर म्हणाले, "वैनी, तुमचा थो मेथीचा वाफा. आज आणि उद्या तिथं कोणी जाऊ नका."

"काऊन?" मीच विचारलं.

त्यांनी पडदा उघडला. सकाळी यंत्राच्या तोंडाशी पेटी फिरवली होती. खडकात पुढं एक मोठी ठळक कमान, मग दुसरी, जशी एखाद्या पोकळीची जवळची आणि लांबची बाजू. नकाशावर जागा काढली तर ती आमच्या शेतात, नेमकी त्या वाफ्याखाली. तिथं जुनी विहीर होती खरी, नकाशात होतीच, पण पुढं लिहिलेलं, बुजवली. बुजवलेली असेल, दगडमाती भरलेली असेल, तर यंत्र ती चघळून पलीकडं जाईल, काही धोका नाही. पण आत पोकळी असेल, पाणी असेल, तर यंत्राच्या तोंडाशी काम करणाऱ्या पोरांवर सगळं एकदम येईल, आणि वरची जमीन खाली. पोरं खाली आणि मी वर. साहेब शेतात जाऊन आले होते, पेटी वाफ्यावर फिरवलीही होती. काळी माती. पडदा कोरा.

"मोठे साहेब काय म्हणतात?" आमच्या यांनी विचारलं.

"म्हणतात, कागदावर बुजवली आहे. मागं तुम्हाले भिंत दिसली होती, निघाली नाल. आता तुमच्या कमानीसाठी मी यंत्र थांबवू का? बुजवणाऱ्यानं येऊन सांगितलं तर थांबवतो." साहेबांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "उद्या यंत्र तिथं पोचते."

आम्ही दोघांनी आबांकडं पाहिलं. विहीर त्यांची. मी लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट, आमचे हे तेव्हा लहान. आबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "बुजवली व्हती. पंचायतीत सांगितलंय मी तवाच." आणि तोंड फिरवून बसले.

मी साहेबांच्या जागी असते तर म्हाताऱ्याला गदगदा हलवलं असतं. साहेब उठले, माझ्याकडून दोन मडकी मागितली, सारखी. कुदळ घेतली. भर उन्हात, आबांच्या डोळ्यांसमोर, ओट्याच्या पायरीशी दोन खड्डे केले. एका मडक्यात मुरूम ठासून ठासून भरला. दुसऱ्यात अर्धं पाणी घातलं, वर फरशीचा तुकडा झाकला. दोन्ही पुरली, माती सारखी केली. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. मग पेटी हळूच त्यांच्यावरून नेली आणि पडदा आबांच्या मांडीवर ठेवला.

"आबा, हे ठासून भरलेलं. हे झाकलेलं. दिसते का फरक?"

आबांनी चष्मा वर केला. "दिसते."

साहेबांनी बटण दाबलं. "आणि हे सकाळचं, खालून पाह्यलेलं. मी काही म्हणत नाई. तुम्हीच सांगा, याच्यातलं कोणासारखं दिसते?"

अंगणात कोंबडी मातीत चोच मारत होती. आबांचं बोट वर आलं आणि दुसऱ्या मडक्याच्या कमानीवर टेकलं.

"झाकली व्हती," ते म्हणाले. "बुजवली नाही."

"आबा!" मी किंचाळलेच. "मी रोज तिथं बुड टेकवून बसते हो! तुम्हाले एकदाबी सांगावं वाटलं नाही?"

"मी सागाचे वासे टाकले व्हते, पोरी. गोठ्याचे, जुने, जाड. वरून शहाबादी फरश्या. मजबूत हाय म्हणून तर..." मग सगळं बाहेर आलं. कोणाची तरी शेळी पडून मेली, पंचायतीनं सांगितलं उघड्या विहिरी बुजवा. ही विहीर आबांनी आणि माझ्या सासूनं दोघांनी मिळून खणलेली. ती टोपलीनं माती वर ओढायची, पोटात आमचे हे होते तरी. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ आबांनी तिला पाजली होती. "जिचं पाणी पिलं तिच्या तोंडात दगड कसे घालू, साहेब? आमच्या हिनं मरताना एकच सांगितलं व्हतं, विहीर बुजवू नका. मी पंचायतीले खोटं सांगितलं. तिले नाही सांगू शकलो."

साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्या बापानंही नसती बुजवली, आबा."

तसेच धोतरावर आबा जीपमध्ये बसले. त्या दिवशी पहिल्यांदा पेटी मागच्या सीटवर गेली आणि पुढच्या सीटवर आबांना पट्टा बांधला. मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून म्हाताऱ्यानं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, पंचायतीला खोटं सांगितलं तेसुद्धा. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं, आबांना खुर्ची दिली, आणि पेटीवाल्या साहेबांकडं पाहून नुसती मान हलवली. खालून लांब भोक पाडलं तर पाण्याची अशी धार सुटली, की पोरं भिजून चिंब झाली आणि नाचायला लागली. मग मोटार लावून पाणी बरंच उतरवलं आणि वरून वाफा उकरला. मी बांधावर उभी होते. फरश्या काढल्या, आणि सागाचा पहिला वासा वर आला. एका पोरानं तो हातात धरला, तर बिस्किटासारखा तुटला. आतून सगळा वाळवीनं खाल्लेला. मी तिथंच बांधावर बसले, आणि आमचे हे, जे चारचौघांत कधी माझ्याकडं बघत नाहीत, ते माझा हात धरून बसले.

पण आता विहीर खरीच बुजवावी लागणार होती. तळापासून काँक्रीट भरल्याशिवाय यंत्र पुढं जाऊ शकत नव्हतं. हे आबांना सांगायचं कोणी? आमच्या यांची छाती झाली नाही, माझी जीभ एवढी तिखट, पण ती टाळ्याला चिकटली. साहेब संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले, तंबाखूची चिमूट मागितली आणि म्हणाले, "आबा, उद्या बुजवतात." आडून नाही, घोळवून नाही. आबा त्या रात्री जेवले नाहीत. साहेबही जेवले नाहीत, आणि मी दोन भरली ताटं झाकून ठेवली.

सकाळी काँक्रीटची गाडी वाफ्याशी येऊन उभी. साहेब तिच्यासमोर आडवे उभे राहिले. यंत्राला अडवायची सवयच त्यांना! "थोडं थांबा. आधी माणूस निरोप घेते." त्यांनी दोर आणि बादली आणली होती. आबांनी बादली सोडली. इतक्या वर्षांनी सोडली तरी हात चुकला नाही. दोराला हिसका दिला, बादली कलती झाली, भरली. पाणी वर आलं ते थोडं गढूळ, थंड. आबांनी ते माझ्या सासूच्या कळशीत ओतलं. मला वाटलं, तुळशीला घालतील, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवतील. आबांनी कळशी खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. सरळ बोगद्याच्या तोंडाशी. आम्ही सगळे मागं, काँक्रीटवाला ड्रायव्हरसुद्धा.

"साहेब, नवं पाणी इथूनच येईन ना?" आबांनी विचारलं.

"इथूनच, आबा."

म्हाताऱ्यानं कळशी बोगद्याच्या तळावर हळूहळू रिकामी केली, देवाला पाणी घालावं तशी. मोठ्या साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, मग बाकीच्यांनीही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पुढं काम संपलं, साहेब दुसऱ्या बोगद्यावर गेले. जायच्या आधी अंगणातलं सगळं उकरून काढलं, माझा डबासुद्धा, झाकणासकट परत. खड्डे बुजवायला घेतले तर मीच कुदळ हिसकावली. त्यांच्या खोलीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती असायची, ती नेली, आणि भिंतीतून निघालेली ती पणती मागून घेतली. मी दिली. अजून फोन येतो. "वैनी, तब्येत कशी आहे?" मी म्हणते, "चांगली दिसते." पलीकडून हसायचा आवाज येतो.

या उन्हाळ्यात बोगद्यातून पाणी आलं. आमच्या नळाला पहिली धार आली तेव्हा आबांनी सगळ्यांना मागं सारलं, पेला धरला, घोट घेतला, डोळे मिटले. "आपल्या विहिरीचं हाय," म्हणाले. आमचे हे हळूच मला म्हणाले, अगं, धरणाचं पाणी, त्यात एक कळशी, तीही कधीच वाहून गेलेली. मला कळत नाही होय? पण आबा रोज तेच म्हणायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पेला भरून द्यायचे, आणि एकदा माझ्याकडंच पाहून म्हणाले, "साहेबाले इचार. तो खोटं सांगत नाही."

मी तिथंच साहेबांना फोन लावला. म्हटलं, तुम्ही तर दिसेल तेवढंच सांगता. आबा विचारून राह्यले, ह्या पाण्यात आपल्या विहिरीचं पाणी आहे का?

माणूस खोटं बोलणार नाही, आणि आबांचं मनही मोडणार नाही, मग करेल काय, या विचारानं मी फोन कानाला आणखी दाबला.

"दिसत नाई, वैनी," ते म्हणाले. "पण आहे. सांगा त्याइले, आहे."

मी फोन ठेवला, आबांना निरोप सांगितला आणि त्यांच्या हातातला पेला घेऊन पुन्हा नळाखाली धरला.